कॉपी केलं एक, पेस्ट झालं भलतंच: दोष कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसातला विंडोज १० चा संगणक. वर्डमध्ये कॉपी केलेला मजकूर कधी पेस्टच होत नाही, तर कधी आधी केव्हातरी कॉपी केलेलं उमटतं. मराठी पीडीएफमधला उतारा पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. एक्सेलमध्ये सर्व्हे नंबर आणि बँकेचे खाते क्रमांक पेस्ट होता होताच बदलतात. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारू. मारावा का?

नको. पीडीएफ आणि एक्सेलच्या तक्रारी फॉरमॅट मारल्यावरही जशाच्या तशा राहतील, कारण तिथे बिघडलेलं काहीच नाही. उरलेल्या तक्रारींचं कारण बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत सापडतं. फक्त दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी ठरवावं लागतं.

कंट्रोल + सी दाबलं की वर्ड एकाच मजकुराची अनेक रूपं क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेवर, मांडतो: साधा युनिकोड मजकूर (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी सामाईक पद्धत), फॉन्ट-रंगासकटचा आरटीएफ, वेबपानांचा एचटीएमएल वगैरे. जिथे पेस्ट करता तो प्रोग्रॅम त्यातलं आपल्याला झेपेल ते उचलतो. नोटपॅड साधा मजकूर घेतो, जीमेल एचटीएमएल घेतो, दुसरी वर्ड फाइल सगळा थाट घेते. एकाच कॉपीचे तीन ठिकाणी तीन अवतार दिसतात ते यामुळे. दुसरी गोष्ट, ही रूपं कॉपीच्या क्षणी तयार असतातच असं नाही. बऱ्याचदा मूळ प्रोग्रॅमने ‘मागाल तेव्हा देतो’ एवढाच शब्द दिलेला असतो. तो प्रोग्रॅम मधेच हँग झाला किंवा बंद पडला तर पेस्ट करताना हाती काही लागत नाही. म्हणून पेस्ट होईपर्यंत मूळ फाइल उघडी ठेवावी.

पहिली चाचणी नोटपॅडची. वर्डमधला एखादा शब्द कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे नीट आला तर कॉपी आणि क्लिपबोर्ड दोन्ही ठणठणीत आहेत, अडचण जिथे पेस्ट करत होता तिथे आहे. जुनाच मजकूर आला तर कॉपी झालेलीच नाही. काहीच आलं नाही तर क्लिपबोर्ड रिकामा आहे किंवा दुसऱ्या कुणीतरी अडवून धरला आहे.

जुनाच मजकूर येतो तेव्हा

इथे संशयित नंबर एक कीबोर्ड. आधी माऊसने राइट क्लिक करून कॉपी आणि पेस्ट करून पाहा. तसं होत असेल तर बटणांची पाळी. मजकूर निवडून कंट्रोल + एक्स दाबा. मजकूर गायब झाला म्हणजे कंट्रोलची की चालते आणि दोष ‘सी’च्या बटणात आहे. (लगेच कंट्रोल + झेड दाबा, मजकूर परत येईल.) कट करून पाहण्यात फायदा हा की काम झालं की नाही ते डोळ्यांना दिसतं. कॉपी झाली की नाही हे बहुतेक प्रोग्रॅम सांगतच नाहीत. गायब झाला नाही तर डावीकडच्या कंट्रोलऐवजी उजवीकडची वापरून पाहा. रोज शेकडो वेळा दाबली जाणारी डावी आधी जाते.

नवा कीबोर्ड येईपर्यंत जुनी जोडगोळी वापरा: कंट्रोल + इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट + इन्सर्ट म्हणजे पेस्ट. विंडोजमधल्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये आजही चालते. काही लॅपटॉपवर इन्सर्टसाठी एफएनचं बटणही सोबत दाबावं लागतं.

कीबोर्ड ठीक असूनही पेस्ट नीट होत नसेल तर एक्सेलकडे पाहा. एक्सेलमध्ये कॉपी केल्यावर चौकटीभोवती तुटक रेघ फिरत राहते, तोवरच ती कॉपी पूर्णपणे जिवंत असते. मधे एस्केप दाबलं किंवा दुसऱ्या चौकटीत काही टाइप केलं की रेघ थांबते आणि पेस्ट करायला काही उरत नाही. नियम सोपा: आधी जागा तयार करा, मग कॉपी करा, आणि लगेच पेस्ट करा.

एकदा विंडोज की + व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी चालू करून ठेवा. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून आहे. शेवटच्या २५ गोष्टी त्यात राहतात, प्रत्येकी ४ एमबीपर्यंत. काय कॉपी झालं आणि काय नाही ते समोर दिसतं, त्यामुळे दोष शोधायला तिच्यासारखं साधन नाही. संगणक रीस्टार्ट केला की पिन केलेल्या गोष्टी सोडून यादी पुसली जाते. मात्र एक संगणक चौघे वापरत असतील तर कॉपी केलेला पासवर्डही या यादीत दिसू शकतो, हे लक्षात ठेवा. यादीतलाच क्लिअर ऑल पर्याय दिवस संपताना वापरायची सवय लावावी.

क्लिपबोर्ड अडकतो तेव्हा

विंडोजमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम क्लिपबोर्ड उघडू शकतो. उघडणाऱ्याने काम झाल्यावर तो बंद करायचा, असा शिरस्ता आहे. एखाद्या प्रोग्रॅमने तो उघडून तसाच ठेवला की बाकीचे सगळे खोळंबतात. एक्सेल अशा वेळी ‘क्लिपबोर्डवरची जागा मोकळी करता आली नाही, दुसरा प्रोग्रॅम तो वापरत असावा’ अशा अर्थाचा संदेश देतो. वर्ड पुष्कळदा तेवढंही करत नाही, गप्प बसतो.

क्लिपबोर्डवर सतत नजर ठेवणारे प्रोग्रॅम ठरलेले असतात: लिंक कॉपी केली की आपोआप जागे होणारे डाउनलोड मॅनेजर, स्क्रीनशॉटची साधनं, वेगळे टाकलेले क्लिपबोर्ड मॅनेजर, शब्द निवडताच अर्थ दाखवणारे शब्दकोश, आणि दूरचा संगणक चालवायची सॉफ्टवेअर. घड्याळाजवळच्या बाणावर क्लिक करून यांना एकेक करत बंद करा आणि प्रत्येक वेळी नोटपॅडची चाचणी घ्या. सगळे एकदम बंद केलेत तर काम होईल, पण गुन्हेगार कोण ते कळणार नाही आणि उद्या सकाळी तीच रड सुरू होईल.

त्यातून काही निघालं नाही तर टास्क मॅनेजर उघडून विंडोज एक्सप्लोरर निवडा आणि रीस्टार्ट म्हणा. टास्कबार क्षणभर जाऊन परत येईल, घाबरू नका. रीमोट डेस्कटॉपने दुसऱ्या संगणकावर काम करत असाल आणि तिकडून इकडे मजकूर येत नसेल, तर पलीकडच्या संगणकाच्या टास्क मॅनेजरमध्ये आरडीपीक्लिप (rdpclip) नावाची प्रक्रिया बंद करा. मग विंडोज की + आर दाबून त्याच नावाने ती पुन्हा सुरू करा. तिचं कामच दोन्हीकडचे क्लिपबोर्ड जुळते ठेवणं हे आहे. मुळात जोडणी करतानाच लोकल रिसोर्सेस या टॅबमधली क्लिपबोर्डची खूण काढलेली असेल, तर प्रक्रिया कितीदाही सुरू करा, उपयोग नाही.

घोटाळा फक्त वर्डमध्येच असेल तर कंट्रोल दाबून ठेवून वर्ड उघडा. तो सेफ मोडमध्ये उघडायचा का ते विचारेल, हो म्हणा. सेफ मोडमध्ये पेस्ट नीट होत असेल तर दोष एखाद्या ॲड-इनचा, म्हणजे वर्डला वरून जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमचा. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या वाटेने जाऊन खाली मॅनेजच्या यादीत कॉम ॲड-इन्स निवडा, गो दाबा, आणि एकेकाची खूण काढून पाहा.

मराठी मजकुराचा घोळ

पेस्ट केल्यावर नेमकं काय दिसतं यावरून निदान होतं, आणि मजकूर वाचणार की गेला हेही कळतं.

रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मजकूर निवडून निर्मला यूआय किंवा मंगल लावा, अक्षरं दिसू लागतील.

प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर मजकूर गेला. पेस्ट करून घेणारा प्रोग्रॅम युनिकोड जाणत नाही, त्याने प्रत्येक अनोळखी अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं आणि मूळ खूण टाकून दिली. आता फॉन्ट बदलून काहीही होणार नाही, मूळ फाइलकडेच परत जावं लागेल. छापखान्यांत अजून टिकून असलेल्या पेजमेकरमध्ये हे हमखास होतं.

प्रत्येक अक्षराच्या जागी टोपी किंवा तिरकी रेघ घातलेला इंग्रजी ‘ए’ आणि विचित्र चिन्हं पुन्हा पुन्हा येत असतील, तर मजकूर जिवंत आहे पण चुकीच्या पद्धतीने वाचला गेला आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची यादी) डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की हे होतं. रिकाम्या शीटमध्ये डेटा टॅबवरून फ्रॉम टेक्स्ट किंवा सीएसव्ही निवडा, फाइल दाखवा, आणि फाइल ओरिजिनच्या यादीत ६५००१ : युनिकोड यूटीएफ-८ हा पर्याय घ्या.

चौथा प्रकार तुमचा: साधी इंग्रजी अक्षरं, पण अर्थ शून्य. हा जुन्या फॉन्टचा मामला आहे. कृतीदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच, इंग्रजी अक्षरांना मराठी आकाराचा मुखवटा चढवलेला असतो. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला की फाइलमध्ये प्रत्यक्षात छोटी ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी आणि छोटा एच साठवला जातो. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. पेस्ट करताना फॉन्ट मागे राहिला की मुखवटा गळून पडतो आणि खालची अक्षरं उघडी पडतात.

उपाय फॉन्ट-कन्व्हर्टरचा, पण ज्या फॉन्टचा मजकूर त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर हवा. कृतीदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीच्या मजकुरावर चालवला तर खिचडीची वेगळी खिचडी होते. फॉन्ट कुठला ते पीडीएफमध्येच कळतं: ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल + डी दाबून फॉन्ट्स हा टॅब पाहा. तिथे कृतीदेव, श्री-देव, डीव्हीबी-टीटी असं काही दिसलं तर कन्व्हर्टर लागेल. मजकुरात मधे मधे खरे इंग्रजी शब्द असतील तर ते आधी बाजूला काढा, नाहीतर कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून बदलतो. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांट्या, रफार आणि अंक नजरेखालून घालाच. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर अडखळतात, विशेषतः जोडाक्षरावर.

फॉन्ट्सच्या टॅबमध्ये मंगल, कोकिळा, निर्मला अशी युनिकोड नावं असूनही मजकूर मोडलेला येत असेल, तर कारण वेगळं. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार असतात आणि कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता सोबत असावा लागतो. तो तक्ता अपुरा असेल तर आकार ज्या क्रमाने कागदावर दिसतात त्याच क्रमाने कॉपी होतात. ‘किती’ची वेलांटी ‘क’च्या आधी जाऊन बसते, ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं. हे हाताने दुरुस्त करत बसू नका. मूळ वर्ड फाइल मागवा. ती मिळत नसेल तर पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक करून ओपन विथमध्ये गूगल डॉक्स निवडा. तरीही मोडकाच आला तर पानांची चित्रं करून ती तशीच उघडा. मग आकार पाहून अक्षरं ओळखली जातात. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो, तपासणी मात्र ओळीओळीने करावी.

फॉन्ट्सचा टॅब रिकामाच असेल तर ते पान म्हणजे स्कॅन केलेलं चित्र आहे, त्यालाही हाच उपाय. आणि मजकूर दिसतोय, निवडता येतोय, पण कॉपीच होत नसेल तर तिथेच शेजारी सिक्युरिटीच्या टॅबमध्ये कंटेंट कॉपीइंगपुढे नॉट अलाउड लिहिलं आहे का पाहा. ते बंधन फाइल बनवणाऱ्याने घातलेलं असतं. परवानगी त्याच्याकडेच मागायची.

आणखी एक बारीक पण मराठीपुरता खास प्रकार. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात सरळ नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखेच. पण काही वेबसाइटचे फॉर्म आणि जुनी सॉफ्टवेअर न दिसणारी चिन्हं गाळून टाकतात. मग पहिल्या पद्धतीने लिहिलेलं ‘वाऱ्यावर’ पेस्ट झाल्यावर ‘वार्यावर’ होऊन बसतं, आणि दोष टाइप करणाऱ्याच्या माथी येतो. आडनावांत आणि गावांच्या नावांत हे विशेष बोचतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ वापरायची सवय ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

वर्डमध्ये मराठी पेस्ट केल्यावर इंग्रजीचा आकार बदलतो पण मराठीचा तसाच राहतो, ही तक्रारही नेहमीची. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्टमध्ये मोजतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा ठेवतो. कंट्रोल + डी दाबा, उघडलेल्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा रकाना असतो, तिथे हवा तो फॉन्ट आणि आकार द्या. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या सुटत असतील तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा.

एक्सेल आकडे का बदलतो

सर्व्हे नंबर १२/३ पेस्ट केला की एक्सेल त्याला १२ मार्च समजतो. चालू वर्ष त्याचं तोच जोडतो. नंतर त्या चौकटीचं फॉरमॅट टेक्स्ट केलंत तर ४५७२८ असा आकडा दिसेल (१२ मार्च २०२५ चा क्रमांक), कारण एक्सेल तारखा दिवसांच्या गणतीत साठवतो. मूळ हिस्सा नंबर त्या आकड्यात दिसत नाही. २५/१४ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण चौदावा महिना नाही. त्यामुळे यादी अर्धी बरोबर, अर्धी चूक होते आणि चूक लवकर ध्यानात येत नाही.

खाते क्रमांकाचं दुखणं वेगळं. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवतो. १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, १७ अंकीचे शेवटचे दोन. सुरुवातीची शून्यं तर गळतातच. ज्या बँकांचे खाते क्रमांक १५ अंकांपेक्षा लांब असतात तिथे पगारपत्रकात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

दोन्हींवर औषध एकच, पण क्रम चुकवायचा नाही. आधी रिकामा रकाना निवडा, कंट्रोल + १ दाबा, टेक्स्ट निवडा. मग कॉपी करा. मग राइट क्लिक करून पेस्टच्या पर्यायांमधला मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग घ्या किंवा पेस्ट स्पेशलमधून टेक्स्ट घ्या. नुसतं कंट्रोल + व्ही दाबलंत तर वेबपेज किंवा वर्डकडून आलेलं फॉरमॅट तुमच्या टेक्स्टवर पाणी फिरवू शकतं. आधी पेस्ट करून मग टेक्स्ट करणं म्हणजे चोर गेल्यावर कुलूप.

वेबपेजवरून आणलेली नावं व्हीलूकअपला (यादीत शोधणाऱ्या फंक्शनला) सापडत नसतील तर त्यांच्या मागे न तुटणारी मोकळी जागा चिकटलेली असते, तिचा क्रमांक १६०. ट्रिम हे फंक्शन तिला हात लावत नाही. सबस्टिट्यूट वापरून कॅर १६० च्या जागी साधी मोकळी जागा घाला आणि मग ट्रिम चालवा.

फिल्टर लावलेल्या यादीत पेस्ट करताना जपून. काही प्रकारे निवडलेल्या भागात लपलेल्या ओळीही कॉपी होतात, आणि पेस्ट होताना मूल्यं लपलेल्या ओळींवरही जाऊन बसतात. कॉपीपूर्वी ऑल्ट + अर्धविराम दाबलं की फक्त दिसणाऱ्या ओळी निवडल्या जातात. पेस्ट मात्र फिल्टर काढूनच करावं.

ब्राउझरमध्ये

वेबवरचा मजकूर रंग-टेबलांसकट येऊन वैताग देत असेल तर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + व्ही ने नुसता मजकूर पेस्ट होतो. वर्डच्या नव्या आवृत्त्यांतही तेच चालतं. जुन्या वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे कट-कॉपी-पेस्टच्या भागात ‘दुसऱ्या प्रोग्रॅममधून पेस्ट करताना’ या ओळीपुढे कीप टेक्स्ट ओन्ली करून ठेवा.

खाते क्रमांक पुन्हा भरा असं विचारणाऱ्या बँकेच्या चौकटीत पेस्ट होत नसेल तर तो बिघाड नाही, मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. चुकीच्या खात्यात पैसे जाऊ नयेत म्हणून क्रमांक हाताने भरायला लावतात. जिथे पेस्ट होतं तिथेही शेवटचे चार-पाच अंक मूळ क्रमांकाशी ताडून पाहावेत, कारण कॉपी केलेला क्रमांक किंवा पत्ता क्लिपबोर्डवरच बदलून टाकणारे व्हायरस आहेत. बिटकॉइनसारखं क्रिप्टो चलन ज्यावर पाठवतात त्या पत्त्यांवर त्यांचा डोळा जास्त असतो. कॉपी केलं एक आणि पेस्ट झालं त्याच धाटणीचं पण दुसरंच, असं एकदा जरी दिसलं तरी व्यवहार थांबवा आणि विंडोज सिक्युरिटीमधून ऑफलाइन स्कॅन चालवा.

आणि एखाद्या वेबपेजने ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणत विंडोज की + आर, मग कंट्रोल + व्ही, मग एंटर दाबायला सांगितलं, तर तो टॅब तिथल्या तिथे बंद करा. त्या पानाने तुमच्या नकळत क्लिपबोर्डवर एक कमांड आणून ठेवलेली असते, आणि ती चालवण्याचं काम तुमच्या हातून करून घ्यायचं असतं. त्यात काय होतं ते पाहायचंच असेल तर नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहा. तिथे ते नुसतं अक्षरांत राहतं, चालत नाही.